लेबलावरचं तळेगाव

होळी झाली की आमच्या सिंदी मेघेतल्या घरचा फोन वाजायला लागतो. एरवीही तो वाजतोच, पण फाल्गुनातला फोन वेगळा. पलीकडे बहुधा कुणाची तरी आई असते. आधी माझ्या तब्येतीची चौकशी, मग ऊन यंदा लवकर तापलं अशी तक्रार, आणि मग आवाज जरा खाली आणून मुद्दा. पोरीचं बॉटनीचं प्रॅक्टिकल जवळ आलंय, ती वाळल्या पानांची फाईल तुमच्याकडे तयार मिळते म्हणे. मी सांगते, तयार मिळत नाही, पोरीला पाठवा. त्या म्हणतात, तिला कुठला वेळ, ती दिवसभर अभ्यास करते. मला दर वर्षी हसू येतं. झाडांचा अभ्यास इतका की झाड पाहायला वेळ नाही!

फोन ठेवला तरी मी थोडा वेळ तिथंच उभी राहते. समोरच्या ले-आऊटमधल्या रिकाम्या प्लॉटवर गवत पिवळं पडलेलं असतं. कुठून तरी कडुनिंबाच्या फुलोऱ्याचा कडू-गोड वास येतो. लोकांना पावसाळा आठवतो, दिवाळी आठवते. मला हा मोसम आठवतो, प्रॅक्टिकलचा. आर्वीच्या रस्त्यानं पळस पेटलेला असतो, शेतातला गहू निघालेला असतो, शाळा-कॉलेजांच्या आवारात पोरं वह्या छातीशी धरून घोकत हिंडत असतात, आणि माझ्या घरात ओल्या वर्तमानपत्रांचा वास भरलेला असतो. हा वास ज्यानं घेतलेला नाही त्याला सांगून कळणार नाही. थोडी शाई, थोडा कागद आणि त्यात अडकलेला हिरवा दमटपणा. माझं अख्खं तरुणपण त्या वासात गेलं.

हर्बेरियम म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील. एखादं रोपटं मुळासकट, फुलासकट उपटायचं, माती झटकायची, वर्तमानपत्राच्या घडीत नीट पसरायचं आणि वर जड वजन ठेवायचं. रोज कागद बदलायचे. ओला काढायचा, कोरडा घालायचा. चार-पाच दिवसांत रोप वाळून चपटं होतं. मग ते जाड पांढऱ्या कागदावर दोऱ्यानं टाचायचं आणि खाली उजव्या कोपऱ्यात लेबल लावायचं. शास्त्रीय नाव, कुळ, गावात काय म्हणतात ते, कुठं सापडलं, कोणत्या तारखेला आणि सगळ्यात खाली संग्राहक, म्हणजे ते तोडणाऱ्याचं नाव. बी.एस्सी.च्या पोरांना अशी दहा शीटं करून प्रॅक्टिकलला द्यावी लागतात. काम सोपं आहे, पण रोज कागद बदलायचा कंटाळा कुणालाही येतो. जगातली निम्मी कामं याच कंटाळ्यापायी बिघडतात असं आमचे भोयर सर म्हणायचे.

मी एम.एस्सी. करून, लग्न होऊन या घरात आले तेव्हा दोन वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. मग ते तास संपले. मुलगी झाली. मी घरी बसले. वनस्पतीशास्त्र शिकलेल्या बाईनं घरी बसून काय करावं, या विषयावर माझ्याइतके सल्ले कुणाला मिळाले नसतील. नणंद म्हणाली गुलाबाची रोपं कर. शेजारच्या काकू म्हणाल्या, आवळ्याचा रस काढा, तुम्ही शिकलेल्या, औषधी म्हटलं की खपेल. दीर बोन्सायचं पुस्तक घेऊन आले. मी गांडूळखत करून पाहिलं, तर आमच्या उन्हात पंधरा दिवसांत गांडुळांनी शेवटचा राम राम म्हटला. शोभेची रोपं केली, ती पाहुण्यांना देण्यातच संपली. नात्यागोत्यात कुणाचाही कढीपत्ता पिवळा पडला की मला बोलावणं यायचं. मीही जायची. पान उलटून पाहायची आणि गंभीर चेहरा करून म्हणायची, पाणी जास्त होतंय. डॉक्टरकीची हौस तेवढ्यावर भागवली.

मग एका फाल्गुनात शेजारच्या मुलानं फाईल कशी करायची ते विचारलं. त्याला दाखवता दाखवता मीच केली. त्याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. पुढच्या वर्षी चार जण आले, त्याच्या पुढच्या वर्षी नऊ, फाईलीचे पैसे देऊन. कुणी आडून बोललं नाही आणि मीही विचारलं नाही, की ही फाईल नेमकी कुणाची. दुपारी मुलगी झोपली की मी अंगणात सतरंजी टाकून बसायची. सुई, पांढरा दोरा, रोपाला कीड-बुरशी लागू नये म्हणून लावायच्या मोरचुदानं निळी झालेली बोटं. माझ्या हाताला पुन्हा काम होतं. घरी बसून, चूल-मूल सांभाळून, आपल्याच विषयातलं काम. खरं सांगायचं तर मी फार सुखात होते. वाईट करतोय असं एकदाही मनात आलं नाही. आलं असेल तर मी त्याला बसायला पाट दिला नाही.

सासूबाईंना तर माझा कोण अभिमान! वजनाला त्यांचा पाटाच मी वापरायची. त्यामुळं परीक्षेच्या मोसमात घरात पाट्यावरची चटणी बंद, मिक्सरची सुरू. त्यांना ती अजिबात आवडत नसे. पण दारात कुणी आलं की कुरकूर बाजूला ठेवून आधी पाटा दाखवायच्या आणि म्हणायच्या, "आमची सुनंदा घरूनच कॉलेजचं काम करते." मला आतून बरं वाटायचं.

ज्या वर्षाबद्दल मला लिहायचं आहे त्या वर्षी सतरा जण आले होते. सतरा जणांची दहा-दहा शीटं. फाल्गुनात एवढी फुलावरची रोपं आणायची कुठून? इथं तर सगळं वाळून कोळसा झालेलं. मग मला माझं माहेर आठवलं. तळेगाव, श्यामजी पंत यांचं तळेगाव. तिथं आमची संत्र्याची बाग आहे. बागेला पाणी असतं, त्यामुळं बांधाला आणि पाण्याच्या दांडाला बाराही महिने तण हिरवं. माका, दुधी, एकदांडी, केना, सगळं फुलावर. मी रविवारी सकाळच्या गाडीनं गेले. संत्र्याला आंबिया बहार होता. त्या फुलांचा वास नाकात घेऊन मी दिवसभर बांधानं वाकून हिंडले. भाऊ म्हणाला, माहेरपणाला आली का निंदायला? त्याच्या दोन बांधांचं निंदण त्या दिवशी फुकटात झालं. संध्याकाळी दोन मोठ्या पिशव्या घेऊन परत आले. मान दुखत होती आणि मी मनातल्या मनात गात होते.

पाच दिवसांनी लेबलं लिहायला बसले. शास्त्रीय नाव, कुळ. मग आलं, कुठं सापडलं. पेन थोडं थांबलं. मग मी लिहिलं, तळेगाव (श्यामजी पंत), संत्र्याच्या बागेचा बांध. खाली तारीख. खाली संग्राहक म्हणून त्या त्या पोराचं नाव. एकशे सत्तर वेळा तळेगाव लिहिलं, एकशे सत्तर वेळा तीच तारीख. दुसरं काही लिहावं असं मला सुचलंसुद्धा नाही. सरांनी आम्हाला पहिल्या वर्षीच बजावलं होतं, की नाव चुकलं तर उद्या कुणी सुधारेल, पण जागा खोटी लिहिली तर ते रोप कायमचं हरवलं. हे माझ्या हाडात इतकं मुरलेलं, की दुसऱ्याच्या नावानं फाईल विकताना हात कापला नाही, आणि जागा खोटी लिहायला मात्र हात वळला नाही. माझ्यासारखी शहाणी मीच!

परीक्षेच्या दिवशी दुपारी वैशाली आली. ही त्या सतरांतली एक, नाचणगावची. पुलगावहून रोज गाडीनं वर्ध्याला यायची. बारीक चणीची, बोलायला तिखट, डोक्यानं हुशार. तिच्या वडिलांनी तिला शब्द दिला होता, नागपूरला एम.एस्सी.ला नंबर लागला तर पाठवतो, नाही लागला तर आपल्या घरी राहायचं. म्हणून तिनं सगळा वेळ पेपरांना दिला होता आणि फाईल माझ्याकडून घेतली होती. ती दारात उभी राहिली ती चपला न काढता. चेहरा उन्हानं आणि रागानं लाल.

तिनं सांगितलं ते असं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिली फाईल उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली आणि मग सगळ्याच मागवल्या. एकेकाला विचारलं, हे कुठून आणलं? एक म्हणाला हनुमान टेकडी. दुसरी म्हणाली बोर धरणाजवळ. तिसरा म्हणाला आमच्या वावरातून. परीक्षकांनी लेबल त्यांच्याकडे फिरवलं आणि वाचायला लावलं. कुणी आपलंच लेबल वाचलेलं नव्हतं. वैशालीनं तेवढ्यातही डोकं चालवलं. म्हणाली, सर, माझे मामा राहतात तळेगावला, आम्ही सगळेच गेलो होतो रविवारी. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, कोणत्या गाडीनं? एकानं सांगितलं आठच्या, एकानं दहाच्या. मामांचं आडनाव विचारलं तेव्हा अख्खी प्रयोगशाळा हसली, प्रयोगशाळेतले शिपाईसुद्धा.

"ताई, काऊन खरं लिहिलं वो तुम्ही?" ती म्हणाली. "हनुमान टेकडी लिहिलं असतं तं कोणाले समजणार होतं?"

मी म्हटलं, मले दुसरं लिहिताच नाई आलं. हे उत्तर मलाच वेडगळ वाटलं. परीक्षक कोण होते ते विचारलं. तिनं सांगितलं, भोयर सर.

भोयर सर माझे एम.एस्सी.चे शिक्षक. आमची सहल घेऊन ते तळेगावला आमच्याच बागेत आले होते. त्याच बांधावर बसून त्यांनी भाकर-पिठलं खाल्लं होतं. रोप टाचताना एक पान मुद्दाम उलटं ठेवायचं, म्हणजे पानाची पाठही दिसते, हे त्यांनीच मला शिकवलेलं. एकशे सत्तर शीटांवर एकशे सत्तर उलटी पानं पाहून त्यांना माझा हात ओळखू आला नसता तरच नवल.

त्याच संध्याकाळी ते घरी आले. पत्ता कॉलेजात कुणीही दिला असता. पांढरा बुशशर्ट, खांद्याला तीच कापडी पिशवी, केस तेवढे गेलेले. मी पाया पडले. त्यांनी नेहमीसारखा आशीर्वाद दिला. सासूबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सुनेचे सर म्हटल्यावर त्यांचा उत्साह असा उफाळला की मला डोळ्यांनी खुणावताही आलं नाही. त्यांना नेऊन पाटा दाखवला. म्हणाल्या, "पाहा ना सर, घरूनच कॉलेजचं काम करते. याच्यापायी चार-चार दिवस चटणी वाटू देत नाई मले."

सर वाकले, पाट्याखालच्या कागदाची कड उचलून आत पाहिलं. "दाबते चांगलं हो आई. मीच शिकवलं तिले," म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सासूबाई चहाला आत गेल्या. सरांनी पिशवीतून एक शीट काढलं, केन्याचं, वैशालीच्या नावाचं. त्याच्या लेबलावर बोट ठेवलं. मी मान खाली घालून उभी.

"जागा खरी लिहिली, सुनंदा. तारीख खरी लिहिली. संग्राहक मात्र सतरा जणं," ते म्हणाले. "तू कुठं हाय याच्यात?"

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. मग जे सांगितलं ते परीक्षेच्या वेळापत्रकासारखं कोरडं होतं. शनिवारपर्यंत ते वर्ध्यात होते, बाकीच्या तुकड्यांची परीक्षा चालणार होती. या सतरा जणांनी शनिवारी स्वतः केलेली शीटं आणावीत. दहा नकोत, तीन पुरेत. जे आणतील त्यांना त्याचे मार्क, न आणतील त्यांना शून्य. रोप कुठून आणायचं, कसं दाबायचं, ते मी शिकवायचं. आणि चौथं शीट माझं, माझ्या नावाचं. चहा पिऊन ते निघून गेले.

त्या चार दिवसांइतकं आनंदाचं मला माझ्या आयुष्यातलं फार थोडं आठवतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. सतरांतले तेरा आले. सकाळी सातला आम्ही घराबाहेर पडायचो, ऊन चढायच्या आत. तळेगावची बाग नव्हती, म्हणून ओल शोधायची. पाइपलाइनचा गळका व्हॉल्व, सांडपाण्याची नाली, सार्वजनिक नळाखालचा चिखल. सिंदी मेघेत एवढे नळ गळतात हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि गळतात म्हणून मी खूश झालेली नगरातली एकटीच बाई असेन. ज्या पोरांनी तीन वर्षं पुस्तकात कुळं पाठ केली होती, ती नालीकाठी उकिडवी बसून एकमेकांना विचारत होती, याले पाकळ्या किती हायेत रे? दुधीचं पान तोडल्यावर पांढरा चीक निघाला तेव्हा एक जण दचकून मागंच सरला. दुपारी सगळे माझ्या अंगणात कागद बदलत बसायचे. सासूबाईंना वाटलं, कॉलेजनं माझी बढती केली. त्यांनी सगळ्यांना पोहे केले.

वैशाली सगळ्यात आधी यायची आणि माझ्याशी एक शब्दही बोलायची नाही. जे विचारायचं ते दुसऱ्या कुणाला तरी विचारायला लावायची. तिनं इथली रोपं घेतली नाहीत. नाचणगावहून, त्यांच्या मोरीपाशी उगवलेला माका आणला, डबक्याकाठचं आणखी काही आणलं. गुरुवारी तिच्या मोठ्या बहिणीला पाहायला पाहुणे आले, ती घरीच अडकली आणि त्या दिवशी तिच्या रोपांचे कागद बदलले गेले नाहीत. माका ओल्या कागदात राहिला की काळा पडतो. शुक्रवारी तिनं घडी उघडली तेव्हा पान काळंठिक्कर. मी म्हटलं, दुसरा घे, माझ्याकडे आहे एक. ती म्हणाली, नको. पहिल्यांदा माझ्याशी बोलली ती एवढंच. शनिवारी तिनं तेच काळं शीट दिलं. खाली स्वतःच्या हातानं लिहिलेलं, नाचणगाव, आमच्या मोरीपाशी.

मीही माझं शीट केलं. आमच्याच कुंपणाजवळच्या एकदांडीचं. संग्राहकाच्या रकान्यापाशी येऊन अडले. लग्नाआधीच्या शीटांवर माहेरचं आडनाव होतं. लग्नानंतर मी माझ्या नावानं एकही शीट केलं नव्हतं, त्यामुळं हा प्रश्नच आला नव्हता. शेवटी दोन्ही आडनावं लिहिली. लेबल लांबलं. सरांनी ते वाचलं, पिशवीत घातलं आणि नेलं. त्यांच्या कॉलेजच्या कपाटात ते अजून असेल.

दोन दिवसांनी मी सरांना फोन केला. वैशालीला किती मार्क दिले ते आधी विचारलं. शीटाच्या लायकीचे दिले होते, म्हणजे थोडे. मला तिचे पेपर कसे गेले ते माहीत होतं, नागपूरचा नंबर किती चुरशीचा असतो तेही माहीत होतं. मी चाचरत विचारलं, सर, तिचे थोडे वाढवता येतील का? तिनं मेहनत केली, पाहुणे आले म्हणून राहिलं.

मग सर म्हणाले, "येतीन ना. कागद अजून माझ्यापाशीच हाय. तू सांग, वाढवू का?"

ते मला सापळ्यात पकडत नव्हते. आवाजावरून कळत होतं, मी हो म्हटलं असतं तर त्यांनी वाढवले असते. माझी शिक्षा त्या पोरीनं भोगू नये असं त्यांनाही वाटत असावं. मी भिंतीकडे पाहत उभी राहिले. सासूबाई आत पाटा धूत होत्या, त्याचा आवाज येत होता. आणि मी म्हटलं, नको सर.

का म्हटलं, ते इतक्या वर्षांत मला धड सांगता आलेलं नाही. तेव्हा वाटलं हेच खरं. नंतर वाटलं, मला माझी पाटी कोरी करायची होती आणि त्यासाठी मी तिचे मार्क वापरले. जून-जुलैत यादी लागली. वैशालीचं नाव अगदी थोडक्यात राहिलं होतं. वडिलांनी आपला शब्द पाळला. ती घरी राहिली.

त्या वर्षी मी तयार फाईली बंद केल्या. नागपंचमीच्या आसपास एक दिवस वैशाली दारात आली. म्हणाली, घरी बसून कंटाळा आला, काही काम असेल तर सांगा. मी आत घेतलं. काम असं काही नव्हतंच, तिच्यासाठी म्हणून ते शोधावं लागलं. आठवड्यातून दोनदा ती यायची. आम्ही सोयाबीन आणि कापसातली तणं गोळा केली, तिनं त्यांची चित्रं काढली. हात फार सुरेख होता तिचा. ती चित्रं पाहून बी-बियाण्यांच्या एका दुकानदारानं दुकानात लावायला तक्ता मागितला. तक्ता पाहून शेतकरी तण हातात घेऊन घरी यायला लागले, की हे कोणतं. मग एका संशोधक बाईंनी त्यांच्या लेखासाठी पाना-फुलांची रेखाचित्रं मागवली. आज माझा जो काय उद्योग आहे तो त्या वर्षात उभा राहिला. चित्रं, रानबिया, मोबाईलवर येणारे तणांचे फोटो, आणि फाल्गुनात पोरांची शाळा. कुणी विचारलं की घरी बसून काय करता, तर मला आता उत्तर देताना अडखळायला होत नाही. पण ते वर्ष माझं नव्हतं, तिचं होतं, हे मी विसरू शकत नाही.

पुढच्या वर्षी तिनं मार्क वाढवायला पुन्हा परीक्षा दिली, नंबर लागला, वडिलांनी पाठवलं. पुढं पुलगावातच लग्न झालं. नाचणगावच्या माहेरच्या जागेत तिनं स्वतःची रोपवाटिका केली, चित्रं अजूनही काढते. भोयर सर काही वर्षांपूर्वी गेले. बातमी वर्तमानपत्रात वाचली. त्या दिवशीचा पेपर मी रोपं दाबायला घेतला नाही, घडी करून ठेवून दिला. सासूबाईही आता नाहीत. पाटा आहे.

दर फाल्गुनात वैशाली चार दिवस माझ्याकडे येते, पोरांना शिकवायला. यंदाही आली. काल दुपारची गोष्ट. अकरा पोरी अंगणात कागद बदलून घरी गेल्या होत्या. आम्ही दोघीच उरलेल्या घड्या आवरत बसलो होतो. ऊन कुंपणापर्यंत उतरलं होतं, कोकीळ ओरडत होता. सकाळीच एका आईचा फोन झाला होता आणि माझं मन सरांना केलेल्या त्या जुन्या फोनपाशी अडकलं होतं. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर मी हे बरोबर घेऊन जाईन.

मी तिला सांगितलं. फोन केला होता, सर विचारत होते, एका शब्दाचं काम होतं, मी नको म्हटलं. तुझं ते वर्ष माझ्यापायी गेलं. एका दमात सांगितलं आणि मग हातातला कागद उगीचच सरळ करत बसले.

वैशालीनं वर पाहिलं नाही. ती एका पोरीचं रोप नीट करत होती, मुडपलेलं पान बोटानं सोडवत होती.

"माहीत हाय मले," ती म्हणाली. "एम.एस्सी. झाली त्या वर्षी पेढे द्याले गेलती, तवा सरांनीच सांगतलं."

म्हणजे इतकी वर्षं. इतके फाल्गुन ती येत राहिली, माझ्या हातचा चहा पीत राहिली, माझ्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांची पानं वाढत राहिली. मी विचारलं, मंग बोलली काऊन नाईस?

"तुम्ही कवा सांगता, ते पाहून राह्यली होती."

मी विचारलं, राग नाही आला?

"आला ना," ती म्हणाली. "लय आला. अजून येते कधी कधी." मग माझ्याकडे न पाहताच तिनं हात पुढं केला. मी डोळे पुसले आणि तिच्या हातात कोरडा कागद दिला.